घूं गेलं, चीं राहिलं

छत्तीस वर्षं मी वर्गात शिरून पोरांना 'गप्प बसा' म्हणत आले. निवृत्त झाल्यावर माझ्याच घरात येऊन कुणी मला गप्प बसवील, आणि मी बसेनही, असं कधी वाटलं नव्हतं. पण सहादू भिंगारदिवे हा माणूस उंबऱ्याच्या आत आला की त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं. "टीचर, चहा टाका, पंखा बंद करा आन् कुनी बोलू नगा."

सहादूभाऊंचं दुकान आमच्या सावेडीतच, भाजीवाल्यांच्या ओळीमागे. पत्र्याचं छप्पर, एक टेबल, आणि वर पाटी: 'सर्व प्रकारची खरखर काढून मिळेल'. रेडिओ की कॉम्प्युटर, काही लिहिलेलं नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "मशीन बदलती टीचर, खरखर तीच ऱ्हाती." वय बासष्ट. गाव जामखेडकडचं. शिक्षण दहावी, आणि तीही मार्चात नव्हे, ऑक्टोबरात. सोळाव्या वर्षी सायकलला कर्णे बांधून मामाबरोबर लग्नांना जायचे. मग रेडिओ आले, टेप आले, टीव्ही आले, कॉम्प्युटर आले, आणि हा गृहस्थ प्रत्येकाच्या पोटात शिरून खरखर काढत गेला. आमच्या चर्चचा माईक त्यांचाच, त्यांच्या विहारातला मिक्सर त्यांचाच, आणि खेड्यापाड्यांतल्या सप्त्यांचे कर्णेही त्यांचेच. देऊळ असो की चर्च, माईक घूं करायला लागला की माणसं एकच नंबर फिरवतात.

त्यांचं काम बघण्यासारखं असतं. आधी घरातले सगळे मोबाईल गोळा करून स्वयंपाकघरात डब्यात ठेवतात. मग हेडफोन लावून डोळे मिटून बसतात. मशीन उघडतच नाहीत. पहिल्यांदा ऐकतात. "घूं आलं की जमीन बघायची. खर्र आलं की वायर बघायची. टकटक आली की मोबाईल कुनाच्या खिशात हाय ते बघायचं." मग घरातली एकेक वस्तू बंद करत जातात आणि ऐकत जातात. काम झालं की हेडफोन काढून एक वाक्य बोलतात. "माझ्या हाताखालनं गेलेल्या मशिनीत खरखर ऱ्हायली, तर मी पक्कड खाली ठिवीन." हे मी इतक्या वेळा ऐकलंय की ते सुरू झालं की मी कपबशा उचलायला लागते.

त्या वाक्यावर खरंच पक्कड खाली ठेवायची वेळ आली, ती माझ्यामुळे. तेच सांगायला बसले आहे.

झालं असं, की माझा जुना विद्यार्थी संदीप खर्ड्याला असतो, टेम्पो चालवतो. त्याची मुलगी प्रज्ञा जन्मापासून अंध आहे. पोरगी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती आणि एप्रिलमध्ये परीक्षा. इतिहासाची मराठी पुस्तकं ऐकण्यासाठी कुठे मिळत नव्हती. मोबाईलमधली यंत्राची बाई वाचून दाखवते, पण ती 'जमीन महसूल' असं काही म्हणते की ऐकणाऱ्याने जमीनच सोडून द्यावी. संदीप म्हणाला, "बाई, तुमी वाचून द्याल का?" मला काय, वाचायला सांगा नाहीतर रागवायला सांगा, दोन्हीची सवय आहे. मुलाच्या, जेम्सच्या, जुन्या कॉम्प्युटरला माईक जोडला आणि जानेवारीत सुरू झाले.

पहिला धडा मेलने पाठवला. दुसऱ्या दिवशी प्रज्ञाचा फोन. "बाई, आवाज फार छान आहे तुमचा. पण मागे घूं येतंय. आणि एक बारीक चीं."

तुम्हाला वाटेल, एवढ्याने काय बिघडतं? मलाही तसंच वाटलं. पण ही पोरगी दुप्पट वेगाने ऐकते. मी तासाभरात वाचते ते ती अर्ध्या तासात संपवते, असे रोज सहा-सात तास. एवढा वेळ कानात चीं वाजलं तर डोकं फुटणार नाही तर काय? "एक धडा झाला की कपाळ ठणकतं हो," ती म्हणाली. मी ताबडतोब सहादूभाऊंना बोलावलं.

आले, चहा घेतला, मोबाईल डब्यात टाकले, डोळे मिटले. दोन मिनिटांत उठून थेट अंगणात. मी मागे. भिंतीच्या कडेला अर्थिंगचा खड्डा आहे, त्यावरची फरशी उचलून बघितली तर आत माती भाजून निघालेली.

"टीचर, हितं पानी कधी घातलं हुतं?"

आता खरं सांगायला हवं. आमच्याकडे पाणी येतं एक दिवसाआड, तेही त्याची लहर असेल तेव्हा. पूर्वी भांड्यांचं पाणी त्या खड्ड्यात जायचं. गेल्या वर्षी मी लिंबाचं झाड लावलं आणि सगळं पाणी त्याला घालायला लागले. लिंबू जोमात, अर्थिंग कोमात.

"लिंबाला पाजता आन् जमिनीला उपाशी ठिवता व्हय?" म्हणत त्यांनी दोन बादल्या पाणी ओतलं, मीठ टाकलं, गंजलेला नट घासून आवळला. आत आलो. घूं पार गेलेलं. मी हेडफोन लावून ऐकलं, त्यांनी लावून ऐकलं. अगदी स्वच्छ. तरी त्यांनी खात्रीसाठी खोलीतली एकेक वस्तू बंद करून बघितली. ट्यूबलाईट, पंखा, फ्रीज, इन्व्हर्टर, जेम्सने नाताळात आणलेलं उंदीर पळवायचं यंत्र, सगळं. कशानेही फरक पडला नाही. मग ठरलेलं वाक्य झालं, मी कपबशा उचलल्या, ते गेले.

तिसऱ्या दिवशी प्रज्ञा म्हणाली, "बाई, घूं गेलं. चीं आहे."

सहादूभाऊ परत आले. वायर बदलली. चीं आहे. माईक बदलला, चर्चचा चांगला माईक दोन दिवसांसाठी मागून आणला. चीं आहे. कॉम्प्युटरच्या बाहेरून जोडायचं छोटं साऊंड कार्ड लावलं. तरी खर्ड्याहून निरोप तोच. आणि इकडे आम्ही दोघं आळीपाळीने हेडफोन लावून बसलोय, ऐकतोय, आणि आम्हाला चीं काय, चींची सावलीसुद्धा सापडत नाही.

माझा पारा आधीच वर असतो, त्यात हे. फोन स्पीकरवर टाकला आणि झापलीच तिला. "प्रज्ञा, इथे चाळीस-पंचेचाळीस वर्षं खरखर काढणारा माणूस बसलाय. तो म्हणतो आवाज स्वच्छ आहे. मी म्हणते स्वच्छ आहे. तुझे कान फार लाडावलेत!"

ती म्हणाली, "बाई, दिसण्यातलं मला काही विचारू नका. पण ऐकू येतं ते येतं." आणि मग भीतभीत, "बाई, रागावू नका. तुमचं दोघांचं वय काय?"

"माझं एकोणसत्तर. का गं?"

"नाही, मी एका पुस्तकात ऐकलं होतं. वय झालं की जाड आवाज येतात, पण बारीक आवाज ऐकू येईनासे होतात. हळूहळू जातात, म्हणून माणसाला कळत नाही."

मी हसण्यावारी नेणार होते. पण सहादूभाऊंकडे बघितलं आणि हसू आलंच नाही. ते हातातल्या हेडफोनकडे बघत होते. "म्हंजे घूं ऐकू येनार, चीं न्हाई," एवढंच म्हणाले. मग उठले, डब्यातून आपला मोबाईल काढला आणि बायकोला, भागिरथीला, फोन लावला. "आगं, आपल्या हितं रातकिडे हायेत का गं?"

फोनमधून तिचा आवाज मलाही ऐकू आला. "नसायला काय झालं? रोज कोकलत्यात की! का वं?"

आता हे रातकिड्यांचं तुम्हाला सांगायला हवं. गेली दोन-तीन वर्षं सहादूभाऊ मला म्हणायचे, सावेडीत आता रातकिडे राहिले नाहीत, सगळीकडे फ्लॅट झाले. मीही मान डोलवायचे. खरं आहे हो, आमच्या वेळी किती किर्रर्र असायचं! पर्यावरणावर दोघं मिळून हळहळायचो. रातकिडे बिचारे रोज आमच्या खिडकीखाली घसा फोडत होते.

सहादूभाऊंनी पक्कड, मीटर, सोल्डरिंगचं पेन, सगळं पिशवीत भरलं, आणि ती पिशवी माझ्या कॉम्प्युटरच्या टेबलाखाली ठेवली. "ऱ्हाऊ द्या हितंच. बोललो हुतो तसं खाली ठिवली. कानच गेला तर पक्कड काय करायची?" आणि रिकाम्या हातांनी निघून गेले. चहासुद्धा अर्धा टाकला. हा माणूस चहा अर्धा टाकतो म्हणजे प्रकरण गंभीर.

चार दिवस पिशवी तिथेच. झाडताना माझा झाडू तिला लागायचा आणि डोक्यात तिडीक जायची. कुणावर, ते कळत नव्हतं. स्वतःवरच असावी. पोरीला झापलं मी, माणसाला बोलावलं मी. दुकान बंद असल्याचं शेजारच्या रतनबाईंनी सांगितलं. सांगताना त्यांच्या मांडीवर माझी मांजर होती. हो, माझी! दलीला तिचं नाव. उंदीर धरायला पाळली, तर ती उंदरांकडे पाहुण्यांसारखी बघायची. म्हणून तर जेम्सने ते यंत्र आणलं. आणि नाताळानंतर ही बया माझं घर सोडून रतनबाईंकडे राहायला गेली. मी म्हटलं, सुक्या बोंबलाची लालूच, दुसरं काय. नावच दलीला, बायबलातल्या दगाबाज बाईचं, निष्ठेची अपेक्षा कशाला करायची.

पाचव्या दिवशी मी पिशवी उचलली, रिक्षा केली आणि सहादूभाऊंच्या घरी गेले. ते काहीही न करता ओट्यावर बसले होते. भागिरथी म्हणाली, "टीचर, तुमीच बोला. चार दिवस झाले, म्हनत्यात मी मेकॅनिक न्हाईच. दुकानाची किल्लीसुद्धा ताकाच्या गाडग्यामागं टाकून दिली."

मी पिशवी त्यांच्या पुढ्यात ठेवली. "सहादूभाऊ, चाळिशी लागली तेव्हा मला पुस्तकातलं अक्षर दिसेना. मी शिकवणं सोडलं का? चष्मा लावला."

"कानाला चष्मा कुठं मिळतो टीचर?"

"खर्ड्याला मिळतो."

त्यांनी मान वर केली.

"तुम्हाला काय शोधायचं ते कळतं, पण ऐकू येत नाही. तिला ऐकू येतं, पण काय शोधायचं ते कळत नाही. दोघं मिळून एक धड मेकॅनिक होतो. आणि इथे बसून रुसणार असाल तर तिची परीक्षा एप्रिलमध्ये आहे, तुमचं रुसणं मे महिन्यात ठेवा."

भागिरथी आत जाऊन किल्ली घेऊन आली. तिने ती त्यांच्या हातात नाही दिली, पिशवीत टाकली. शहाणी बाई आहे.

आधी वाटलं, फोनवरच ऐकवू. पण सहादूभाऊ म्हणाले, फोन बारीक आवाज गिळतो, त्याच्या भरवशावर राहायचं नाही. रेकॉर्डिंगच पाठवायची. मग त्यांनी वहीचं पान घेतलं आणि बारा ओळी मारल्या. प्रत्येक वेळी खोलीतली एकच वस्तू बंद करायची, मी तोच एक परिच्छेद वाचायचा, आणि सुरुवातीला नंबर सांगायचा. एक नंबर, सगळं चालू. दोन, पंखा बंद. तीन, ट्यूब बंद. मी निजामशाहीचा जमीन महसूल त्या दुपारी बारा वेळा वाचला. शेवटी शेवटी मीच तो गोळा करत असल्यासारखी वाचत होते. बाराच्या बारा फाइली खर्ड्याला गेल्या. सहादूभाऊ खुर्चीत ताठ बसले, आणि त्यांचा डावा पाय सारखा हलत होता. ते घाबरले होते. पोरगी म्हणाली असती की सगळ्यांतच चीं आहे, तर पिशवी पुन्हा टेबलाखाली गेली असती, आणि या वेळी मी काय बोलणार होते?

वीस मिनिटांनी फोन आला. "बाई, अकरा फाइलींमध्ये चीं आहे. नऊ नंबर स्वच्छ."

सहादूभाऊंनी वहीवरून बोट फिरवलं. नऊ. मग माझ्याकडे बघितलं, मग भिंतीकडे. भिंतीवर, खालच्या प्लगमध्ये, हिरवा दिवा लावून शांतपणे बसलं होतं जेम्सचं उंदीर पळवायचं यंत्र.

"ह्येच्यावर हात ठिवला हुता मी," ते म्हणाले. "पयल्या दिवशी. बंद केलं, चालू केलं, आन् म्हनलं फरक न्हाई."

ते यंत्र म्हणे माणसाला ऐकू न येणारा बारीक आवाज काढतं, त्याने उंदीर पळतात. माणसाला म्हणजे आमच्यासारख्या जुन्या माणसाला. माईकला येत होता, प्रज्ञाला येत होता. आणि मला एकदम दलीला आठवली. अगं बाई! मांजरीला येणारच की! म्हणजे उंदीर पळवायला आणलेल्या यंत्राने उंदीर एकही पळाला नाही, मांजर मात्र पळाली, आणि मी दोन महिने बोंबलावर आळ घेत होते. मला असं हसू फुटलं की खुर्चीची पाठ धरावी लागली.

पण सहादूभाऊ हसले नाहीत. अजून त्यांचं संपलं नव्हतं. "टीचर, खोड सापडली असं कधी म्हनायचं? आपन बोलवली की आली पायजे आन् हाकलली की गेली पायजे. अजून पाच पाठवू. यंत्र कधी चालू, कधी बंद. तिला सांगायचं न्हाई." पाच पाठवली. त्यांनी वहीत लिहून ठेवलं आणि पान उलटं करून वर हात ठेवला.

उत्तर आलं. "आहे, नाही, नाही, आहे, नाही."

त्यांनी पान सुलटं केलं. पाचपैकी पाच. मग त्यांनी माझ्याकडून फोन मागून घेतला. या माणसाने आजवर कुणाच्या कानाचं कौतुक केल्याचं मी ऐकलं नव्हतं. "पोरी," ते म्हणाले, "माझा मामा गेल्यापासनं असा कान मी बघितला न्हाई." आणि फोन मला परत देताना दुसरीकडे तोंड केलं, डोळे पुसायला. मीही मुद्दाम लिंबाकडे बघत बसले.

यंत्र जेम्सला परत पाठवलं. दलीला तिसऱ्या दिवशी आली, काही झालंच नाही अशा थाटात, आणि माझ्या वहीवर झोपली. उंदीर आहेत तिथेच आहेत. प्रज्ञाचे उरलेले सगळे धडे मार्चअखेर वाचून झाले.

सहादूभाऊंचं दुकान उघडं आहे. ठरलेलं वाक्य मात्र बदललं. आता काम झालं की आवाज खर्ड्याला पाठवतात, आणि तिकडून 'स्वच्छ' असा निरोप आल्याशिवाय गिऱ्हाइकाला मशीन देत नाहीत. गिऱ्हाईक घाई करायला लागलं तर म्हणतात, "थांबा, मोठ्या मेकॅनिक ऐकत्यात."

परीक्षा संपल्यावर संदीप प्रज्ञाला घेऊन माझ्याकडे आला. सहादूभाऊ आणि भागिरथीही आले होते. दिवेलागणीची वेळ, आम्ही सगळे अंगणात लिंबाजवळ बसलो होतो. दलीला प्रज्ञाच्या मांडीवर. बोलता बोलता प्रज्ञा एकदम म्हणाली, "बाई, तुमच्याकडे रातकिडे किती आहेत हो!"

मी सहादूभाऊंकडे बघायचं टाळलं. पण तेच पुढे सरकले.

"कुठं हायेत?"

"एक या झाडाखाली. दोन भिंतीपलीकडे."

"कसे वाजत्यात? म्हनून दाखव."

प्रज्ञाने थोडा वेळ ऐकलं. मग आपल्या आवाजात, जाड करून, हळूहळू म्हणायला लागली. किर्र, किर्र, किर्र. मध्ये थांबा. मग पुन्हा किर्र, किर्र. सहादूभाऊंनी डोळे मिटले. संदीप काहीतरी बोलणार होता, तर त्यांनी डोळे न उघडताच हात वर केला. "कुनी बोलू नगा." बराच वेळ ते तसेच बसून होते, लग्नातला पहिला कर्णा ऐकणाऱ्या सोळा वर्षांच्या पोरासारखे.

मग डोळे उघडून म्हणाले, "भिंतीपलीकडचा एक जरा फाटतोय. त्याची वायर बघाया पायजे."

प्रज्ञा खो खो हसली, भागिरथी पदर तोंडाला लावून हसली, आणि माझे डोळे भरून आले तेही हसण्यानेच असं मी सगळ्यांना सांगितलं. मी उठून चहा टाकला.